ईझनीच्या हवेलीचं कूळ

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात, वेअर गावाजवळच्या झाडीत ईझनी नावाची लाल विटांची हवेली आहे. आराखडा आल्फ्रेड वॉटरहाऊस यांचा. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम त्यांचंच. १९७१ पासून हवेलीत ऑल नेशन्स ख्रिश्चन कॉलेज आहे. परक्या देशात, परक्या भाषेत काम करायला निघालेले मिशनरी तिथे तयार होतात. श्रीमंतांची वास्तू पुढे एखाद्या संस्थेकडे जाते, त्यातलाच हा प्रकार असं कुणालाही वाटेल. मला मात्र या कॉलेजचं मूळ हवेलीच्याही आधीचं वाटतं.

ते मूळ म्हणजे सर थॉमस फॉवेल बक्स्टन (१७८६–१८४५). लंडनमधल्या बिअरच्या मोठ्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय त्यांच्या मेहुणी. पार्लमेंटमध्ये गुलामगिरीविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स थकले तेव्हा ती लढाई बक्स्टन यांनी अंगावर घेतली आणि गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा झाला. त्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, गुलामांना छदामही नाही. हा अन्याय विसरता कामा नये.

बक्स्टन तिथे थांबले नाहीत. माणसांचा व्यापार मुळातून तोडायचा तर आफ्रिकेत बायबल आणि नांगर दोन्ही पोचले पाहिजेत, असं त्यांनी मांडलं. त्यातूनच १८४१ ची नायजर नदीवरची मोहीम निघाली. तापाने इतके युरोपीय दगावले की ती फसली. पण मोहिमेत सॅम्युअल क्राउदर होते. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि नंतर सुटका झालेले हे गृहस्थ १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. आफ्रिकेतलं काम आफ्रिकी माणसांनीच उभं करावं, या विचाराला त्या अपयशाने बळ दिलं.

ईझनी बांधली ती बक्स्टन यांच्या मुलाने; त्यांचंही नाव थॉमस फॉवेल बक्स्टनच. या धाकट्या बक्स्टन यांचा मुलगा बार्कले १८९० मध्ये मिशनरी होऊन जपानला गेला. बार्कलेचा मुलगा आल्फ्रेड १९१३ मध्ये क्रिकेटपटू सी. टी. स्टड यांच्याबरोबर काँगोला. ऑल नेशन्स, माउंट हर्मन आणि रिजलँड्स ही तीन कॉलेजं एकत्र येऊन ईझनीत नांदू लागली, ती त्यानंतर सुमारे सहा दशकांनी.

म्हणून ईझनीची माहिती सांगताना वॉटरहाऊसच्या विटांआधी नायजर मोहीम आणि क्राउदर यांचं नाव यायला हवं.