31 अंशांची मेख

गॅस क्रोमॅटोग्राफच्या इंजेक्टरमध्ये नमुना थंड असतानाच सोडायचा आणि मग झपाट्याने तापवायचा, ही रीत फोख्ट व सहकाऱ्यांच्या 1979च्या आणि पॉय व सहकाऱ्यांच्या 1981च्या शोधनिबंधांत मांडलेली दिसते. थंडाव्यासाठी द्रव कार्बन डायऑक्साइड वापरला की दोन तक्रारी नेहमीच्या. एक तर नोझल चोंदते, नाही तर इंजेक्टर हव्या त्या तापमानाला उतरतच नाही. दोन्हींचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत आहे.

पहिला कागद 1835चा. थिलोरिए याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले, की दाबाखालचा हा द्रव बाहेर सोडला की काही भागाची वाफ होते आणि उरलेल्याचा पांढरा भुगा बनतो. दाब सुमारे 5 वातावरणांच्या खाली गेला की हा द्रव टिकूच शकत नाही. नोझलच्या तोंडाशी साचते ते हेच 'बर्फ'. पाण्याचा तिथे संबंध असेलच असे नाही.

दुसरा पुरावा बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजचा. याच वायूवरच्या त्याच्या प्रयोगाची पहिली नोंद त्याच्या स्वतःच्या लेखनात नव्हे, तर मिलरच्या 1863च्या पाठ्यपुस्तकात आली. ज्या तापमानाच्या वर हा वायू द्रव होत नाही, त्याचा आकडा तीत आहे 88 अंश फॅरनहाइट. 17 जून 1869च्या रॉयल सोसायटीतल्या व्याख्यानात तो 30.92 अंश सेल्सियस असा नेमका झाला. काचेच्या बारीक नळीत 13.1 अंशांवर हा वायू सुमारे 49 वातावरणांच्या दाबाला द्रव झाला. 30.92च्या वर मात्र दाब कितीही वाढवला तरी द्रव आणि वायू यांना वेगळे करणारी रेघ दिसेना.

अँड्र्यूजपुढे ना क्रोमॅटोग्राफ होता ना मराठवाडा. पुढचा निष्कर्ष आपला आहे. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि लातूरही फारसे मागे नसते. अशा दिवसांत एसी नसलेल्या खोलीतल्या किंवा बाहेरच्या शेडमधल्या सिलेंडरमध्ये द्रव उरतच नाही. खालून द्रव उचलणारी डिप ट्यूब असली तरी ती उचलणार काय? गेजवरचा काटा भरपूर दाब दाखवतो आणि तंत्रज्ञ फसतो. इंजेक्टरपर्यंत पोचते ते दाट, ऊबदार द्रव्य. त्याच्या प्रसरणातून मिळणारा थंडावा तोकडा पडतो.

म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह खोलण्याआधी सिलेंडरशेजारी थर्मामीटर लावावा. तो 31च्या वर असेल तर सिलेंडर थंड खोलीत हलवावा, फार तापू देऊ नये. खोली थंड असूनही थंडावा कमी पडत असेल तर सिलेंडर काट्यावर ठेवून वजन पाहावे. द्रव शिल्लक आहे तोवर दाब जवळपास तोच राहतो, त्यामुळे किती उरले हे गेज सांगत नाही. एवढे पाहूनही बिघाड कायम राहिला, तरच नोझल आणि व्हॉल्व्हकडे वळावे.