शिवलेल्या नौकेची ओळख

आज जॉर्ज टाउनच्या पूर्वेस बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे उघडा किनारा होता. जहाजे दूर नांगर टाकीत आणि उतारू व माल ‘मसुला’ होड्यांतून लाटा ओलांडून काठाला येत. या होडीत खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. वाळूवर आदळताच ताठ होडी फुटे. शिवलेली होडी लवे आणि तगे. पुढे बंदराचे बांधकाम सुरू झाले. १८८१ च्या वादळाने ते मोडले, तरी पुन्हा उभे राहिले आणि मसुलाचे काम सरले.

ही विद्या नुकतीच पुन्हा कामी आली. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रात एक जहाज आहे. आराखडा मात्र कोठेच नाही. त्या चित्रावरून आपल्या नौदलाने शिवणीचे जहाज घडविले. प्रतिकृतीच्या चाचण्या येथील मद्रास आय. आय. टी.त झाल्या, बांधणी गोव्यात झाली आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ नौदलात दाखल झाले. केरळच्या कारागिरांच्या हातांत शिवण जिवंत होती, म्हणूनच हे साधले.

घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांस यातील बोध सहज उमगावा. ग्रंथ कपाटात टिकतील. मराठी बोलणारी मुले मात्र आमच्याच घरांत घडवावी लागतील.