शिपायाच्या डगल्याचा रंग

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस शिरूर आणि दौंडच्या बाजारांत किल्ल्यावर मांडायची चित्रे विकायला येतात. सिंहासनावरचे महाराज, तोफेजवळचा गोलंदाज, भाला घेतलेले पहारेकरी. मातीच्या व प्लॅस्टरच्या चित्रांत आता प्लॅस्टिकच्या चित्रांचीही भर पडली आहे. एखाद्या मुलाच्या हाती न रंगवलेला, राखी प्लॅस्टिकचा शिपाई पडतो आणि तो शाळेत येऊन विचारतो, “सर, ह्याच्या अंगात कोणता रंग देऊ?”

प्रश्न लहान दिसतो, पण तो इतिहासाचा प्रश्न आहे. पुस्तकात “पाचशे शिपाई निघाले” एवढे लिहून पुढे जाता येते. त्यांच्या कपड्यांचा रंग सांगितला नाही तरी वाक्य पुरे होते. ब्रश हाती घेतलेल्या मुलाला ही सवलत नाही. त्याला काही ना काही ठरवावेच लागते.

छोट्या मूर्ती घडवण्याची परंपरा या भागात फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली त्यांना मातीची एक पेटी सापडली. तिच्यासोबत कच्च्या मातीची, मस्तक नसलेली देवी आणि एक बैल होता. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. त्यांत काडी घातली की देवी बैलावर उभी राही. इ.स.पू. १३०० च्या सुमाराची ही वस्तू. आजच्या प्लॅस्टिकच्या शिपायाचा हात खांद्यात बसवायचा असतो, तेव्हा खुंटी आणि भोक हीच युक्ती वापरलेली असते.

खेळण्यातले शिपाई युरोपात फार वाढले. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाच्या मिश्रधातूचे पोकळ शिपाई काढले. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, साच्याला लागलेला थर घट्ट होताच आतला द्रव बाहेर काढून टाकायचा. धातू कमी लागे, म्हणून किंमत उतरली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पॉलिस्टायरीनचे शिपाई येऊ लागले. तापवून मऊ केलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात. साचा उघडताना त्याची दोन अंगे सरळ मागे सरकतात. त्यामुळे आत वळलेला भाग घडवता येत नाही, तो साच्यात अडकेल. म्हणून अशा शिपायाच्या कपड्यांच्या चुण्या उथळ असतात. शिवाय घरातला उजेड भिंतींवरून परतून चहूकडून येतो आणि उथळ चुणीत सावली पडत नाही. ती रंगानेच दाखवावी लागते.

त्याची रीत सोपी आहे. साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून शिपाई साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा. अस्तराचा पातळ हात द्यावा, नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. मग मूळ रंग. तो वाळल्यावर त्याच रंगाची गडद छटा पाण्यासारखी पातळ करून वरून सोडावी. ती आपोआप चुण्यांत उतरून साचते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश फिकट छटेत बुडवून, कागदावर पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा.

किती बारकावे रंगवावेत, याचेही गणित वर्गात करता येते. ५४ मि.मी. उंचीचा शिपाई हा सुमारे १७३ सें.मी. उंचीच्या माणसाचा बत्तिसावा भाग. तो ३० सें.मी.वरून पाहणे म्हणजे खरा माणूस ९.६ मीटरवरून पाहणे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. ३० सें.मी.वर तो सुमारे ०.०९ मि.मी. होतो, म्हणजे खऱ्या माणसावर जवळजवळ ३ मि.मी. डगल्याची १५ मि.मी.ची गुंडी मूर्तीवर अर्धा मि.मी. होते, ती दिसायला हवी. शिवणीचा दोरा दिसायला नको.

आता रंगाचा मूळ प्रश्न. किल्ल्यावरच्या मावळ्यांना बाजारात पुष्कळदा एकसारखे चकचकीत कपडे असतात. पण शिवकालीन पायदळाला आजच्यासारखा एकच गणवेश नव्हता. कापड सुती, आणि रंग देणार झाडेच: नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, करडईच्या फुलांचा कुसुंबा. विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये केला, भडक मॅजेंटा १८५९ मध्ये आला. तो मॅजेंटा मावळ्याच्या पागोट्यावर शोभणार नाही. कुसुंब्याचा लाल उन्हात लवकर उडतो, नीळ टिकते. म्हणून दहा मावळ्यांच्या दहा छटा, त्यांतल्या काही विटलेल्या, असे चित्र सत्याच्या अधिक जवळचे.

याच तालुक्यातले दुसरे उदाहरण घेऊ. शिरूर येथे तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तेथून कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफा निघाल्या. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे त्यांची पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढाई झाली. हे शिपाई लाल डगल्यातले. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाचा लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, म्हणजे थोडा विटकरी, आणि अधिकाऱ्यांचा कोचिनील किड्यांपासून काढलेला, म्हणजे झळझळीत असे. शिवाय ही मंडळी रात्रभर सुमारे ४० किलोमीटर चालून आली होती. हिवाळ्यात काळ्या जमिनीची माती सुकली की धूळ करडी होते. ती पायांवर आणि गुडघ्यांपर्यंत दाट, खांद्यावर विरळ दाखवायला हवी.

डगला सर्वांचा एकच, पण त्यातली माणसे एका जातीची नव्हती. भीमेपलीकडे पेरणे येथील स्तंभावर जी नावे कोरली आहेत, त्यांत महार शिपायांची ‘नाक’ हा प्रत्यय असलेली नावे आहेत आणि इतर समाजांतल्या शिपायांचीही आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे येऊन गेले, त्यामागे ही नावे होती. समोरच्या पेशव्यांच्या सैन्यातही मराठे, अरब, गोसावी असे नाना लोक होते. साचा चाळीस शिपाई एकाच तोंडवळ्याचे देतो. चेहऱ्यांच्या छटा वेगवेगळ्या करणे रंगवणाऱ्याच्या हाती असते.

म्हणून त्या मुलाला आपण रंग सांगू नये. त्याला वहीत दोन रकाने आखायला सांगावे: ‘पुरावा’ आणि ‘अंदाज’. डगला लाल, हा पहिल्या रकान्यात. गुडघ्यावरची धूळ दुसऱ्यात, पण अंदाजाचे कारण लिहून. मग ब्रश उचलावा. दुसरा रकाना लांब झाला तरी हरकत नाही. पुढे नवा पुरावा मिळाला, तर जुन्या थरावर नवा थर देता येतो.