पत्र्यावरचे गायतोंडे

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. त्या छापील प्रतींत मूळ तैलरंगांचा पोत उरला नव्हता. तरी भाविकाचे काही अडले नाही. त्याला हवी होती ती देवता, आणि ती प्रतीतही ओळखू येत होती.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. नागपुरात जन्मलेल्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या या चित्रकाराला आपल्या कामासाठी 'अमूर्त'पेक्षा 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द जवळचा वाटे. रूळ आणि सुरीने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर आणि त्यांतून झिरपणारा प्रकाश हाच तेथे आशय. ओळखावी अशी देवता नाही, आठवावी अशी कथा नाही.

आज अमूर्त चित्रे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापून मिळतात. कागदावरील रंग उष्णतेने वायुरूप होऊन पत्र्याच्या लेपात शिरतो. पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत राहतो. थर हाच जेथे आशय, तेथे थरच नाहीसा होतो. उरते ती झळाळी पत्र्याची.

तरीही आम्ही या प्रतींना हसणार नाही. यवतमाळच्या विद्यार्थ्याला गायतोंड्यांच्या मूळ चित्रासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागते. रशियन कादंबऱ्याही आपण बहुतेकांनी अनुवादातूनच वाचल्या. मात्र कादंबरीचे कथानक अनुवादात टिकते, कवितेची लय सहसा टिकत नाही. ही प्रत कवितेच्या अनुवादासारखी पाहावी: काय मागे राहिले, हे विचारत.