तंजावरचा दरबार आणि तिरुवैयारूची समाधी : कलावंत-सन्मानाच्या इतिहासातील एक स्त्री-परंपरा

दरवर्षी पौष वद्य पंचमीस तंजावरपासून काही कोसांवर कावेरीकाठी तिरुवैयारू येथे त्यागराजांची आराधना होते. शेकडो गायक-वादक समाधीसमोर दोन्ही बाजूंना बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती एका सुरात गातात. कलावंतांनी कलावंताचा केलेला हा सन्मान भारतीय कलाजीवनातील एक मोठा सोहळा मानला जातो. मात्र या सोहळ्यात स्त्रियांना गाण्याचा अधिकार आरंभापासून नव्हता. तो ज्या गणिकेने मिळविला तिच्याच पैशाने समाधीवरील वास्तूही उभी राहिली. बेंगळूर नागरत्नम्मा (१८७८-१९५२) हे तिचे नाव. तिच्या कार्याचा धागा मागे नेला तर तो तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारापर्यंत पोचतो. मराठीच्या अभ्यासकाने या प्रकरणाकडे लक्ष द्यावे याचे एक कारण हे होय. दुसरे कारण पुढे हरिकथेच्या संदर्भात येईल.

तंजावरला प्रतापसिंह भोसले (१७३९-१७६३) गादीवर असताना त्याच्या पदरी मुद्दुपळनी नावाची गणिका होती. राजघराण्याची भाषा मराठी, दरबारी काव्याची भाषा मुख्यतः तेलुगू, शास्त्राची संस्कृत आणि रयतेची तमिळ अशा त्या बहुभाषिक वातावरणात तिने ‘राधिकासान्त्वनमु’ हे तेलुगू काव्य रचले. राधा स्वतः वाढविलेल्या इळेचा कृष्णाशी विवाह लावून देते, मग मत्सराने जळते आणि कृष्णाला तिची समजूत घालावी लागते, एवढेच त्याचे कथानक. काव्यातील शृंगाराची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने त्याच्या प्रस्तावनेकडे दुर्लक्षच झाले. रूढीप्रमाणे तिने तीत आपला वंश सांगितला आहे, पण ती वंशावळ पित्याकडून येत नाही. ती आजी, आत्या अशा स्त्रियांच्या नावांनी सांगितलेली आहे आणि त्यांतील काही स्वतः कवयित्री होत्या. त्यानंतर आत्मगौरवाचा भाग येतो. आपल्या वर्गातील दुसऱ्या कोणत्या स्त्रीने विद्वानांचा धनाने आणि भेटींनी असा सत्कार केला आहे, कोणत्या दुसऱ्या स्त्रीला काव्ये अर्पण झाली आहेत, असे ती विचारते.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ अभिमानापुरते नाही. दरबारी व्यवहारात सन्मानाची दिशा ठरलेली असे : राजा देई, कवी घेई आणि मोबदल्यात राजाचे नाव काव्यात अमर होई. मुद्दुपळनी स्वतः कवी आहे, म्हणून ती घेणारी आहे. परंतु ती विद्वानांना देतेही, आणि तिच्या नावे काव्ये अर्पण होतात. अर्पणपत्रिकेच्या दोन्ही टोकांना ती उभी आहे. कलावंत आणि आश्रयदाता या दोन निराळ्या कोटी होत असे गृहीत धरून मध्ययुगीन आश्रयव्यवस्थेचे जे वर्णन केले जाते त्यात ही स्त्री बसत नाही. गणिकेजवळ स्वतःची मालमत्ता असे, ती दान देऊ शके, आणि दानाने येणारी प्रतिष्ठाही तिला मिळे. कुलीन गृहिणीला यांपैकी फारसे काही साध्य नव्हते. अर्थात हे स्वातंत्र्य दरबाराच्या मर्जीवर उभे होते, ही गोष्ट अलीकडच्या काही उत्साही विवेचनांत नजरेआड होते.

एकोणिसाव्या शतकात ही प्रस्तावनाच गळाली. १८८७ मध्ये काव्याची जी छापील आवृत्ती निघाली तीत प्रस्तावना नव्हती आणि अनेक पद्येही वगळलेली होती. शृंगारिक पद्ये गाळण्यामागील तर्क निदान समजू शकतो. वंशावळ आणि दानाचा उल्लेख कोणत्या नीतीस बाधक होता, हे सांगणे कठीण. आंध्रातील थोर समाजसुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी आपल्या कविचरित्रात मुद्दुपळनीच्या विद्वत्तेची दखल घेतली, पण तिच्या काव्याचे काही भाग स्त्रीने उच्चारणे दूरच, ऐकणेही अयोग्य, असा निर्वाळा दिला.

नागरत्नम्मेने मूळ हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु यांच्या प्रकाशनसंस्थेकडून समग्र काव्य प्रसिद्ध केले. म्हैसूर संस्थानात जन्मलेली ही गायिका कन्नड, तेलुगू व संस्कृत जाणणारी होती. हे रसपूर्ण काव्य एका स्त्रीने, त्यातही आपल्या समाजात जन्मलेल्या स्त्रीने रचले, म्हणून ते मूळ रूपात यावे असे वाटले, असा तिच्या निवेदनाचा आशय आहे. वीरेशलिंगमांना तिने जे उत्तर दिले ते आजही वाचनीय आहे. संकोच आणि मर्यादा या गोष्टी फक्त स्त्रियांनाच लागू आहेत काय, आणि पंडितांनी स्वतः तपासून मान्य केलेल्या ग्रंथांत याहून उघडी वर्णने नाहीत काय, असा तिचा रोख होता. सरकारने पुस्तक अश्लील ठरवून जप्त केले. स्वातंत्र्याच्या सुमारास टंगुटूरि प्रकाशम यांच्या कारकिर्दीत ती बंदी उठली आणि १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली. नागरत्नम्मेचा मृत्यूही त्याच वर्षी झाला.

तिरुवैयारूचे प्रकरण याच वृत्तीचा दुसरा भाग म्हणून वाचले पाहिजे. त्यागराज (१७६७-१८४७) तंजावरच्या राज्यातच राहत, पण दरबारापासून दूर. सरफोजीराजांचे निमंत्रण त्यांनी नाकारले आणि ‘निधि चाल सुखमा’ ही कृती त्या प्रसंगाची आहे, असे परंपरा सांगते. आख्यायिकेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, तिचे कार्य स्पष्ट आहे. संतकवीचा मान राजाच्या दानापेक्षा मोठा ठरविणे हे ते कार्य होय. आश्रय नाकारल्याबद्दल ज्याचा गौरव होतो त्याचे स्मारक मात्र आश्रयावाचून उभे राहू शकत नव्हते. त्यांच्या निधनानंतर समाधी दुर्लक्षित राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी उमयाळपुरमच्या वृद्ध शिष्यांनी तिची डागडुजी केली. पुढे तिल्लैस्थानमच्या नरसिंह भागवतर व पंजू भागवतर या बंधूंनी वार्षिक आराधना सुरू केली. दोघांत फूट पडून पेरिय कच्ची (थोरला पक्ष) आणि चिन्न कच्ची (धाकटा पक्ष) असे दोन उत्सव होऊ लागले. धाकट्या पक्षाचा भार व्हायोलिनवादक मलैकोट्टै गोविंदस्वामी पिळ्ळै यांनी उचलला. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत होते : समाधीपुढे स्त्री गाणार नाही.

समाधीच्या दुरवस्थेची वार्ता नागरत्नम्मेला १९२१ च्या सुमारास मिळाली. तिने जागेचा प्रश्न सोडविला, दागिने विकले, मंडप व भिंती बांधून घेतल्या, त्यागराजांची मूर्ती घडविली, आणि ७ जानेवारी १९२६ रोजी प्रतिष्ठा झाली. त्यानंतर आपण समाधीपुढे हरिकथा करावी अशी इच्छा तिने व्यक्त केली आणि आयोजकांनी ती नाकारली. नकाराचे कारण तिचे स्त्रीत्व आणि त्याहूनही तिचा देवदासी समाज. देणगी स्वीकारताना हे कारण कोणाला आठवले नव्हते.

तिने गायनाऐवजी हरिकथेचा आग्रह धरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तमिळ प्रदेशातील हरिकथेचे आधुनिक रूप तंजावरच्या मराठी कीर्तनकारांच्या संपर्कातून घडले. स्वातितिरुनाळांच्या काळात त्रावणकोरपर्यंत गेलेले मेरुस्वामी आणि नंतर तंजावरास आलेले रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी ती पद्धती तमिळमध्ये रुजविली. ओवी, साकी, दिंडी, अभंग हे मराठी छंदप्रकार तिच्याबरोबर गेले आणि तमिळ हरिकथेत याच नावांनी राहिले. कीर्तनकाराचे स्थान हे नारदाचे स्थान होय. तेथे उभा राहणारा मनोरंजन करीत नाही, अर्थ सांगतो, श्रोत्यांना उपदेश करतो. त्यागराजांचा अर्थ सांगण्याचा अधिकार गणिकेला द्यावयाचा का, असा हा खरा प्रश्न होता. सी. सरस्वतीबाई या ब्राह्मण स्त्रीलाही हरिकथेच्या क्षेत्रात विरोध सोसावा लागला होता. नागरत्नम्मेच्या बाबतीत स्त्रीत्वावर जातीची भर पडली. महाराष्ट्रात ज्या गादीवरून वारकरी स्त्रीसंतांची पदे सहज गायिली गेली, त्या गादीवर स्त्रीने उभे राहण्यास मात्र तेथेही बराच काळ जावा लागला.

तिने दाद मागण्यात फार वेळ घालविला नाही. समाधीच्या मागील बाजूस स्त्री-कलावंतांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. लोक त्याला पेण्गळ कच्ची, म्हणजे स्त्रियांचा पक्ष, म्हणू लागले. एकाच संताच्या एकाच पुण्यतिथीस आता तीन उत्सव होत होते. वास्तू तिने बांधलेली असल्यामुळे तिला डावलणे पुरुषांच्या पक्षांना हळूहळू अवघड होत गेले. येथे मुद्दुपळनीची आठवण होणे अपरिहार्य आहे : दान देणाऱ्या हाताला सन्मानाची अट घालता येते, हे दोघींनाही ठाऊक होते.

काळ मात्र तिच्या समाजाच्या विरुद्ध वाहत होता. १९२७ मध्ये डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रास विधिमंडळात देवदासी-प्रथेविरुद्ध ठराव आणला, तेव्हा नागरत्नम्मा विरोध करणाऱ्या देवदासींच्या अग्रभागी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासला काँग्रेस अधिवेशनाच्या जोडीने अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तीतून १९२८ मध्ये म्युझिक ॲकॅडमी स्थापन झाली. एका बाजूस गणिकेची उपजीविका अवैध ठरविण्याची तयारी आणि दुसऱ्या बाजूस तिच्याच कलेसाठी सभ्य व्यासपीठाची उभारणी, या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात. सुधारणेला सरसकट दोष देणे येथे न्याय्य होणार नाही. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः त्याच समाजातील होती, आणि त्या प्रथेतील शोषण त्यांनी कल्पनेने रंगविलेले नव्हते. तरीही सुधारकांच्या विचारात मुलीचे रक्षण होते. ग्रंथ छापणारी, वास्तू बांधणारी, हिशेब ठेवणारी प्रौढ कलावंत स्त्री त्यात कोठेच बसत नव्हती. ॲकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा सर्वोच्च सन्मान पहिल्यांदा स्त्रीला मिळाला तो १९६८ मध्ये, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांना. गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५३ मध्येच मिळाला होता. या अंतराची चिकित्सा हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताच्या सामाजिक इतिहासकारांनी अधिक तपशिलाने करावयास हवी.

१९४० मध्ये एस. वाय. कृष्णस्वामी या सनदी अधिकाऱ्याच्या व काही ज्येष्ठ गायकांच्या मध्यस्थीने तिन्ही पक्ष एकत्र येऊन श्री त्यागब्रह्म महोत्सव सभा अस्तित्वात आली. पंचरत्न कृती समूहाने गाण्याची पद्धत त्यानंतरची. आज प्राचीन वाटणारा हा समूहगायनाचा विधी वस्तुतः एका तडजोडीचे फलित आहे. एकेकट्याच्या मैफलीत कोण आधी, कोण नंतर, कोण मुळीच नाही, हा वाद होता. सगळेच एकत्र गाऊ लागल्यावर तो निदान त्या तासापुरता मिटला. स्त्रियांना त्यात जागा मिळाली.

नागरत्नम्मेने अखेरची वर्षे तिरुवैयारूतच काढली आणि आपली मालमत्ता समाधीच्या कामासाठी विश्वस्तनिधीकडे सोपविली. १९ मे १९५२ रोजी तिचे निधन झाले. त्यागराजांच्या समाधीनजीकच तिचे स्मारक आहे. त्यातील तिची मूर्ती समाधीकडे तोंड करून बसलेली आहे.