सागरी कायदा : किनाऱ्यापासूनच्या अंतराचे महत्त्व

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मच्छीमार नौकेवर, तीवर चाचे असल्याच्या समजुतीने, गोळीबार केला. दोन भारतीय मच्छीमार ठार झाले. खटला भारताने चालवायचा की इटलीने, हा वाद नऊ वर्षे चालला.

अशा वादांचा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाविषयक करार. १९८२ मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे त्यावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून तो अमलात आला. भारताने त्यास १९९५ मध्ये मान्यता दिली. अमेरिका मात्र त्यात सामील झालेली नाही.

करारानुसार आधाररेषेपासून, म्हणजे सामान्यतः ओहोटीच्या किनाररेषेपासून, १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) 'प्रादेशिक समुद्र' असतो. तेथे किनारी राष्ट्राचे सार्वभौमत्व चालते. परकीय जहाजांना केवळ निरुपद्रवी मार्गक्रमणाची मुभा असते. २४ मैलांपर्यंतच्या 'संलग्न क्षेत्रा'त सीमाशुल्क, स्थलांतर व आरोग्यविषयक नियमांपुरते अधिकार असतात. २०० मैलांपर्यंतच्या 'अनन्य आर्थिक क्षेत्रा'त मासे, तेल, वायू यांवर किनारी राष्ट्राचा हक्क असतो; नौकानयन मात्र सर्वांना खुले असते. त्यापलीकडे मुक्त समुद्र. तेथे जहाजावर सामान्यतः ते ज्या देशाचा ध्वज फडकवते, त्या देशाचाच कायदा लागू होतो. राष्ट्रीय हद्दींपलीकडील सागरतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला असून त्यावर किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाची देखरेख असते.

म्हणजेच गोळीबार झाला तो भाग भारताच्या आर्थिक हक्कांचा होता, पूर्ण सार्वभौमत्वाचा नव्हे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण केरळच्या नव्हे, तर केंद्राच्या अखत्यारीत येते, असा निर्णय दिला. पुढे करारांतर्गत नेमलेल्या लवादाने २०२० मध्ये निवाडा केला. नौसैनिक सरकारी कर्तव्यावर असल्याने त्यांना भारतीय फौजदारी न्यायालयांपासून संरक्षण आहे. मात्र भारतीय नौकेच्या नौकानयन स्वातंत्र्याचा भंग झाल्याने इटलीने भरपाई द्यावी, असे लवादाने ठरविले.

इटलीने १० कोटी रुपये दिले. त्यांपैकी प्रत्येकी ४ कोटी मृतांच्या वारसांसाठी व २ कोटी नौकामालकासाठी होते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातील खटले बंद केले. २०२२ मध्ये रोम येथील न्यायाधीशांनीही प्रकरण निकालात काढले. भरपाई मिळाली, पण गोळीबाराच्या गुन्ह्याचा खटला दोन्ही देशांत अखेरपर्यंत चाललाच नाही.