साष्टीच्या किनाऱ्यावरील एक दिवसाची सहल : वाकोला-जुहू परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासलेखनात बंदर, गिरण्या आणि राजकीय चळवळी यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. त्या मानाने सामान्य माणसाच्या विरंगुळ्याचा इतिहास उपेक्षित राहिला. रविवारी घरातून निघावे, समुद्रकाठी दोन घटका घालवाव्यात आणि रात्री परतावे, ही सहल आज स्वाभाविक वाटते. सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोल्याच्या चाळींतून व वस्त्यांतून जुहूला जाणाऱ्या कुटुंबाला तिच्यामागे काही इतिहास असेल, असे वाटतही नाही. परंतु या सहलीसाठी वाट, सुट्टी आणि मोकळा किनारा या तीन गोष्टी लागतात. त्या आपोआप मिळालेल्या नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाट

वाकोला हे साष्टी बेटावरील जुने गाव. येथील नाला मिठी नदीस मिळतो व मिठीचे पाणी माहीमच्या खाडीतून समुद्रास जाते. हीच खाडी साष्टीला मुंबई बेटापासून वेगळी करीत असे. साष्टी मराठ्यांच्या अमलाखाली असताना, १७६० मध्ये, आंकतील द्युपेराँ या फ्रेंच विद्वानाने कान्हेरीची लेणी पाहिली. तथापि असा प्रवास अभ्यासक, अधिकारी व धनिक यांच्यापुरताच मर्यादित होता. माहीम व वांद्रे यांच्यामधील प्रवास होडीने करावा लागे आणि पावसाळ्यात तो धोक्याचा ठरे.

१८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये दिले व या रस्त्यावर टोल घेतला जाऊ नये, अशी अट घातली. ही अट विशेष महत्त्वाची आहे. तिच्यामुळे श्रीमंताची बग्गी आणि गरिबाची पायपीट यांना एकच वाट मोकळी झाली. पुढे १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे लोकल गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले. सकाळी जाऊन रात्री परतणे त्यामुळे सुकर झाले.

सुट्टी

वाट झाली तरी मोकळा दिवस नव्हता. आपल्या समाजात घराबाहेर पडण्याचे निमित्त प्रामुख्याने सण, तीर्थयात्रा किंवा जत्रा हेच असे. सप्टेंबर महिन्यात भरणारी वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा हे याच परिसरातील ठळक उदाहरण होय. गिरणी कामगाराला मात्र आठवड्याची निश्चित सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे कामगारांची सभा घेतली. तेथे साप्ताहिक सुट्टीची मागणी करणाऱ्या निवेदनाला सुमारे साडेपाच हजार कामगारांचा पाठिंबा मिळाला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. धर्मकार्याचे निमित्त नसलेला, केवळ स्वतःचा असा दिवस कामगाराला मिळाला तो या लढ्यामुळे.

मोकळा किनारा

एकोणिसाव्या शतकात जुहू हे वाळूचे अरुंद बेट होते. ओहोटीच्या वेळी मधली खाडी ओलांडून तेथे चालत जाता येई. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटा यांनी येथे जमीन घेतली. जुहू-तारा भागात सुमारे १२०० एकर क्षेत्राचा विकास करून प्रत्येकी एक एकराचे ५०० भूखंड व समुद्रकाठचे विश्रामस्थळ उभारण्याची त्यांची योजना होती. माहीमचा रस्ता सांताक्रूझपर्यंत वाढविण्याचाही त्यांचा विचार होता. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि योजना मागे पडली. त्यानंतरही धनिकांचे बंगले जुहूला होतेच. १९२४ मध्ये कारागृहातून सुटल्यावर महात्मा गांधी प्रकृती सुधारण्यासाठी अशाच एका बंगल्यात राहिले होते. मात्र बंगल्यांसमोरची वाळू खासगी झाली नाही. भेळवाले, शहाळेवाले, कोळीवाड्यातील माणसे व सहलीला आलेली कुटुंबे यांचा वावर तेथे कायम राहिला.

या संदर्भात वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बॅरी आयलंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेही मूळचे बेटच. गोदीच्या बांधकामाने ते मुख्य भूमीस जोडले गेले व १८९६ मध्ये तेथपर्यंत रेल्वे पोहोचली. १८७१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बँकांना ठरावीक दिवशी सुट्टी मिळू लागली आणि हळूहळू ते दिवस सार्वजनिक सुट्टीचे झाले. रेल्वे आणि सुट्टी या दोहोंच्या आधारे खाणकामगारांची कुटुंबे तेथील किनाऱ्यावर लोटू लागली. २०१२ मध्ये तर वेल्सने आपल्या संपूर्ण किनाऱ्यालगत सुमारे १४०० किलोमीटरची पायवाट जनतेसाठी खुली केली. भारतात १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध आणले. त्यामागे पर्यावरणाचा विचार प्रमुख होता. सर्वसामान्यांचा किनाऱ्यावरील हक्क ही बाजू चर्चेत दुय्यमच राहिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, एक दिवसाची सहल ही दातृत्व, कामगार लढा आणि अपुरी राहिलेली एक योजना यांच्या संयोगातून साकारली. यांपैकी एकही आधार कायमचा गृहीत धरता येत नाही. ज्या माहीमच्या उपसागराकाठी १८४५ मध्ये टोलविरहित रस्ता झाला, तेथेच २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. त्यावर टोल आकारला जातो आणि पादचारी, दुचाकी व रिक्षा यांना तेथे प्रवेश नाही. वेगवान प्रवासाची गरज नाकारता येणार नाही. परंतु ज्यांच्या घरात उभे राहण्यापुरतीच जागा असते, त्यांच्यासाठी किनारा हेच अंगण असते. म्हणून किनाऱ्याविषयी कोणतीही योजना आखताना तो किती देखणा होईल, याआधी वाकोल्यातील कुटुंब बसचे भाडे देऊन तेथे पोहोचेल काय आणि वाळूवर विनामूल्य बसू शकेल काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.